निरोप कोण नेणार? : संसदेतील नाशिकचा सात दशकांचा लेखाजोखा

(नाशिक येथील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘संसद आणि नाशिक जिल्हा’ हा विषय दिला, तेव्हा प्रथम मनात आले ते एका रात्रीचे दृश्य. मी पत्रकारितेत नवा होतो. मतपत्रिकांचा काळ होता आणि मतमोजणी रात्र-रात्र चालत असे. पहाटे निकाल लागला, गुलाल उधळला गेला, विजयी उमेदवाराची मिरवणूक निघून गेली. मतमोजणी केंद्राबाहेरच्या चहाच्या टपरीवर निफाडकडचा एक वृद्ध शेतकरी बसला होता. त्याच्या पागोट्यावरही गुलाल होता; म्हणजे तो जिंकलेल्या पक्षाचाच माणूस. मी त्याला विचारले, “बाबा, आता समाधान झाले ना?” त्याने चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाला, “भाऊ, माणूस गेला दिल्लीला. आता आपला निरोप कोण नेणार?”

त्या वेळी मला हा प्रश्न भाबडा वाटला. निवडून गेलेला माणूसच निरोप नेणार, हे उघड नव्हते काय? आज तीस-बत्तीस वर्षे निवडणुका पाहिल्यानंतर वाटते, की संसदीय लोकशाहीचा सगळा पेच त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात मांडला होता. माणूस पाठवणे ही एक गोष्ट आणि निरोप पोहोचणे ही दुसरी. आपल्या जिल्ह्याचा संसदीय इतिहास या एका प्रश्नाच्या उजेडात आज आपण पाहू.

मंदिराच्या दारापासून संसदेच्या दारापर्यंत

पहिल्या लोकसभेत नाशिकचे प्रतिनिधित्व गोविंद हरी देशपांडे यांनी केले. स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई काँग्रेसच्या पाठीशी होती आणि देशभर जे घडले तेच नाशिकमध्ये घडले. त्यात नवल नाही. नवल घडले ते १९५७ साली.

त्या वर्षी नाशिकने भाऊराव कृष्णराव गायकवाड, म्हणजे आपले दादासाहेब गायकवाड यांना लोकसभेवर पाठवले. दादासाहेब याच मातीतले. १९०२ साली दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी त्यांचा जन्म झाला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्याची प्रत्यक्ष धुरा वाहणारे दादासाहेब होते. तो सत्याग्रह काही वर्षे चालला. दगड खाल्ले गेले, डोकी फुटली, तुरुंगवास झाले. परंतु मंदिराचे दार उघडले नाही. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. हिंदू समाजाच्या दृष्टीने तो आत्मपरीक्षणाचा दिवस होता आणि आजही आहे. तो इतिहास आपण झाकून ठेवता कामा नये.

आता १९५७ कडे या. ज्या शहरात प्रभू रामचंद्राच्या दर्शनासाठी दादासाहेबांना वर्षानुवर्षे दाराबाहेर उभे राहावे लागले, त्याच शहराने आणि त्याच्या भोवतालच्या खेड्यांनी सत्तावीस वर्षांनी त्यांना आपला खासदार म्हणून दिल्लीला पाठवले; आणि तेही राखीव नसलेल्या जागेवरून. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची लाट त्यामागे होती, समितीचे पाठबळ होते, हे खरे आहे. तरीही मतपेटीसमोर उभ्या राहिलेल्या सवर्ण शेतकऱ्याने त्या दिवशी आपल्या हाताने जी मतपत्रिका टाकली, तिचे मोल कमी होत नाही. मंदिराच्या दाराने जे नाकारले होते, ते मतपेटीने दिले. सामाजिक समरसतेवर आपण व्याख्याने देतो. त्या समरसतेची एक पायरी नाशिकने १९५७ सालीच चढली होती, याची आठवण आपल्या शाखा-शाखांतून सांगितली गेली पाहिजे.

दादासाहेबांनी निरोप नेला का? नेला. भूमिहीनाला जमीन हा त्यांचा ध्यास होता. १९५९ साली, लोकसभेचे सदस्य असतानाच, त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पुढे १९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते आणि १९६४ साली हाच लढा देशव्यापी झाला. सभागृहात बोलणारा आणि बाहेर तुरुंगात जाणारा हा माणूस एकच होता. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७१ च्या डिसेंबरात ते गेले. त्यांचे राजकीय विचार आपल्याला सर्वस्वी मान्य असोत वा नसोत, प्रतिनिधी कसा असावा याचा तो वस्तुपाठ होता.

सह्याद्रीचा पाहुणा

१९६२ साली नाशिकची जागा पुन्हा गोविंद हरी देशपांडे यांच्याकडे आली. त्याच वर्षी चीनने आक्रमण केले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि पंडित नेहरूंनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीला बोलावून घेतले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे त्या वेळी मराठी माणूस अभिमानाने म्हणत असे. १९६३ साली नाशिकमध्ये पोटनिवडणूक लागली आणि यशवंतराव येथून बिनविरोध लोकसभेवर गेले. युद्धाच्या जखमा ओल्या असताना संरक्षणमंत्र्याविरुद्ध उमेदवार उभा करायचा नाही, असे विरोधकांनीही ठरवले. देशहितापुढे पक्ष दुय्यम, हे त्या वेळच्या राजकारणाला कळत होते.

१९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. नाशिककर त्याचे श्रेय आजही यशवंतरावांना देतात. द्राक्ष आणि बाजरीच्या शिवारात विमाने तयार होऊ लागली. गावोगावची मुले आयटीआय करून ‘एचएएल’मध्ये लागली. हजारो मध्यमवर्गीय घरांचा पाया त्या कारखान्याने घातला; या सभागृहातही त्या घरांतील अनेकजण बसलेले असतील. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच ओझरहून स्वदेशी तेजसने झेप घेतली, तेव्हा साठ वर्षांचे एक वर्तुळ पूर्ण झाले.

परंतु १९६७ साली यशवंतराव आपल्या साताऱ्याला परतले. पाहुणा कितीही मोठा असला तरी तो पाहुणाच. केंद्रात वजन असलेला माणूस जिल्ह्याला काय देऊ शकतो हे नाशिकने त्या चार वर्षांत पाहिले. त्याचबरोबर एक सवयही लागली. कोणीतरी मोठा येईल आणि देईल, अशी वाट पाहण्याची सवय. ती आपल्याला पुढे महागात पडली.

दहा निवडणुका, दहा खासदार

१९६७ आणि १९७१ या दोन्ही निवडणुकांत नाशिकने काँग्रेसचे भानुदास कवडे यांना निवडून दिले. नंतर आली आणीबाणी. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात मिसाखाली स्थानबद्ध केलेल्या कार्यकर्त्यांच्या आठवणी या शहरातील अनेक घरांत आजही जिवंत आहेत. मी तेव्हा शाळेत जाऊ लागलेला मुलगा होतो. गल्लीतल्या एका काकांच्या घरी महिनोन्महिने दिवाळी झाली नाही आणि त्याचे कारण मोठी माणसे आम्हा मुलांना हळू आवाजात सांगत, एवढे स्मरते. १९७७ साली मतदाराने त्या हळू आवाजाचे उत्तर मोठ्याने दिले. नाशिकमधून शेतकरी कामगार पक्षाचे विठ्ठलराव हांडे आणि मालेगावमधून जनता पक्षाचे हरिभाऊ महाले निवडून आले. आमच्या विचाराचा माणूस नव्हे, पण लोकशाहीच्या बाजूचा माणूस, एवढाच निकष त्या वर्षी कार्यकर्त्यांनी लावला आणि घरोघर प्रचार केला.

येथून पुढे नाशिकची एक ख्याती झाली. पुढची नावे पाहा. १९८० प्रताप वाघ, १९८४ मुरलीधर माने, १९८९ डॉ. दौलतराव आहेर, १९९१ डॉ. वसंतराव पवार, १९९६ राजाराम गोडसे, १९९८ माधवराव पाटील, १९९९ उत्तमराव ढिकले, २००४ देविदास पिंगळे, २००९ समीर भुजबळ. १९७७ धरून दहा सार्वत्रिक निवडणुका आणि दहा वेगवेगळे खासदार! शेकाप, काँग्रेस, भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी, सर्वांना संधी मिळाली. दुसरी संधी कोणालाच मिळाली नाही. १९८९ साली डॉ. आहेर यांच्या रूपाने नाशिकमधून प्रथमच कमळ फुलले. परंतु ती लोकसभा दोन वर्षांतच विसर्जित झाली आणि १९९१ साली जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. हा क्रम थेट २०१९ साली तुटला. २०१४ मध्ये पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी जिंकलेले शिवसेनेचे हेमंत गोडसे २०१९ मध्ये जवळजवळ तीन लाखांच्या फरकाने पुन्हा निवडून आले.

नाशिकचा मतदार चोखंदळ आहे, असे आम्ही पत्रकार या इतिहासाकडे पाहून कौतुकाने लिहीत आलो. आज मी ते विधान थोडे दुरुस्त करू इच्छितो. संसदेचे कामकाज शिकायलाच दोन वर्षे लागतात. प्रश्नोत्तराच्या तासासाठी प्रश्न कसा घालायचा, शून्य प्रहरात बोलण्याची संधी कशी मिळवायची, नियम ३७७ खाली मतदारसंघाचा विषय नोंदवून मंत्रालयाकडून लेखी उत्तर कसे काढायचे, स्थायी समितीत काय मांडायचे, हे कोणी घरून शिकून जात नाही. १९९६, १९९८ आणि १९९९ अशा तीन निवडणुका चार वर्षांत झाल्या. त्या काळातील खासदाराला तर बस्तान बसवायलाही अवधी मिळाला नाही. जो कामाचा नाही त्याला बदलणे हा आपला हक्क आहे. परंतु त्याने काय केले याचा हिशेब न मागता, केवळ वारा फिरला म्हणून बदलणे, याला चोखंदळपणा म्हणता येणार नाही. आपण सतत नवा निरोप्या नेमत राहिलो आणि निरोप मात्र लिहून दिलाच नाही.

डोंगरातला मतदारसंघ

जिल्ह्याची दुसरी जागा मालेगावची. १९५७ साली तेथून प्रजा समाजवादी पक्षाचे यादव नारायण जाधव गेले. पुढे ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली आणि तेथे दोन नावे आलटून-पालटून दिसू लागली. काँग्रेसचे झेड. एम. कहांडोळे १९६७ पासून वारंवार निवडून आले, तर समाजवादी परंपरेतील हरिभाऊ महाले १९७७, १९८९ आणि १९९९ असे तीनदा. १९९६ साली कचरू भाऊ राऊत यांनी भाजपला येथे प्रथम यश मिळवून दिले आणि २००४ साली हरिश्चंद्र चव्हाण भाजपकडून निवडून आले.

२००८ मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना अमलात आली आणि मालेगाव हे नाव लोकसभेच्या नकाशावरून पुसले गेले. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे तीन विधानसभा मतदारसंघ धुळ्याला जोडले गेले आणि दिंडोरी हा नवा राखीव मतदारसंघ जन्माला आला. जिल्ह्यातील पंधरा विधानसभा मतदारसंघ आज असे तीन खासदारांत विभागलेले आहेत. सहा नाशिककडे, सहा दिंडोरीकडे, तीन धुळ्याकडे. सटाण्याच्या शेतकऱ्याचे जिल्हाधिकारी कार्यालय नाशिकला आणि खासदारकीचा मतदारसंघ धुळ्याचा.

दिंडोरीने २००९ आणि २०१४ मध्ये हरिश्चंद्र चव्हाण यांना, तर २०१९ मध्ये डॉ. भारती पवार यांना निवडून दिले. त्या जिल्ह्याच्या पहिल्या महिला खासदार. जुलै २०२१ मध्ये त्या केंद्रात राज्यमंत्री झाल्या आणि कोरोनाच्या काळात आरोग्य खात्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आदिवासी समाजातील एक डॉक्टर भगिनी देशाच्या आरोग्य मंत्रालयात बसते, हे दृश्य अभिमानाचेच होते.

तरीही सुरगाणा-पेठच्या डोंगरात उभे राहून पाहिले की मन अस्वस्थ होते. नार आणि पार या नद्या तेथे उगम पावतात आणि गुजरातमार्गे समुद्राला मिळतात. पावसाळ्यात धो-धो पाऊस आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडा. या पाण्याचा विषय किती निवडणुकांच्या जाहीरनाम्यांत आला असेल! मार्च २०१८ मध्ये याच भागातील हजारो आदिवासी वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत गेले. मोर्चाचा झेंडा कोणाचा होता हे क्षणभर बाजूला ठेवू. निरोप सभागृहात पोहोचत नाही अशी भावना झाली की माणसे तो पायांनी घेऊन जातात, एवढे त्यातून शिकण्यासारखे आहे.

कांद्याचा धडा

आता मी अशा विषयाकडे येतो, जो आपल्यापैकी काहींना रुचणार नाही. परंतु आपल्याच माणसांत खरे बोलायचे नाही तर कोठे बोलायचे?

कांदा हे आपल्या जिल्ह्याचे केवळ पीक नाही, ते राजकारण आहे. १९८० साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली याच जिल्ह्यातील शेतकरी कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्त्यावर आणि रेल्वेमार्गावर उतरला. पुढे २००४ ते २०१० शरद जोशी राज्यसभेत होते. पण त्यांनी मांडलेला मूळ प्रश्न तसाच राहिला. भाव पडला की शेतकरी एकटा, भाव चढला की सगळी दिल्ली जागी. सरकारे बदलली, हा क्रम बदलला नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली. ती मे २०२४ च्या आरंभी, म्हणजे आपल्याकडील मतदानाच्या तोंडावर, अटींसह उठली. शहरातील ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा हा हेतू चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. आपल्या घरातल्या गृहिणीचाही तो प्रश्न आहे. परंतु लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या माणसाने ते पाच महिने कसे काढले, याची कल्पना आपण शहरात बसून केली नाही. जूनमध्ये निकाल लागला. दिंडोरीत शिक्षकी पेशातील भास्कर भगरे एक लाख तेरा हजारांच्या फरकाने निवडून आले. एका नामसाधर्म्य असलेल्या अपक्षाने लाखाहून अधिक मते घेऊनही हा फरक राहिला. नाशिकमध्ये सिन्नरचे राजाभाऊ वाजे एक लाख बासष्ट हजारांनी जिंकले. या निकालाला इतरही कारणे होती. परंतु कांदा हे कारण नव्हतेच, असे ज्याला वाटते त्याने एकदा चांदवड-येवल्याच्या खळ्यावर जाऊन बसावे.

पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्ण हटले. म्हणजे निरोप पोहोचला. परंतु पीक गेल्यावर. माझा प्रश्न सत्तेतील मंडळींना कमी आणि आपल्याला अधिक आहे. गावोगाव आपला संपर्क आहे, घरोघर आपली ओळख आहे. मग डिसेंबरात खळ्यावर जे बोलले जात होते, ते जानेवारीत दिल्लीपर्यंत का गेले नाही? कार्यकर्ता हा केवळ वरचा संदेश खाली नेणारा नाही. खालचे दुःख वर नेणे हेही त्याचेच काम आहे आणि ते अधिक अवघड आहे.

पुढचा नकाशा

हा सगळा इतिहास आज सांगण्याचे आणखी एक कारण आहे. लोकसभेतील राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर १९७६ साली गोठवल्या गेल्या आणि २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. महाराष्ट्राच्या ४८ जागा १९७७ पासून तेवढ्याच राहिल्या. या काळात माणसे किती वाढली? १९५१ साली नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १४ लाख होती. २०११ साली ती ६१ लाखांवर गेली. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जून २०२५ मध्ये अधिसूचित झाला. २०२३ साली संमत झालेल्या महिला आरक्षणाच्या कायद्यानेही आपली अंमलबजावणी जनगणना आणि पुनर्रचनेशी जोडली. म्हणजे पुढचा नकाशा काढताना रेषा कोठून जाणार, हा प्रश्न आपल्या पिढीसमोर आहे.

रेषा लोकसंख्येवर ओढली जाते आणि लोकसंख्या शहराकडे सरकते आहे. नाशिक मतदारसंघातील सहापैकी तीन विधानसभा क्षेत्रे आजच पूर्णपणे शहराची आहेत. उद्या शहराचे वजन आणखी वाढेल. सिन्नरचा दुष्काळी पट्टा आणि इगतपुरी-त्र्यंबकचा आदिवासी पाडा यांचा आवाज शहराच्या गलबल्यात हरवू द्यायचा नसेल, तर पुनर्रचनेच्या मसुद्यावर हरकती मागवल्या जातील तेव्हा अभ्यास करून बोलणारी माणसे हवीत. २००८ च्या पुनर्रचनेचा परिणाम आपल्यापैकी बहुतेकांना मतदानकेंद्रावर गेल्यावर कळला. हे पुन्हा होऊ नये.

चिकाटीचे फळ मिळते याचे एक उदाहरण सांगून थांबतो. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाची मागणी कित्येक वर्षांची. मालेगाव-धुळे पट्ट्यातील प्रत्येक खासदाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, लोकांनी त्याबद्दल विचारणे सोडले नाही. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली. खर्च १८ हजार ३६ कोटी रुपये. खासदार बदलले, मागणी बदलली नाही, म्हणून ती पोहोचली.

आज जिल्ह्यातून निवडून गेलेले खासदार आपल्या विचाराचे नसतील. पण ज्याला आपण मत दिले नाही, तोही आपलाच खासदार असतो. त्याच्याकडे जाण्यात कमीपणा कसला? गावातील चार जाणत्या माणसांनी वर्षातून दोनदा बसावे, तालुक्याचे पाच प्रश्न कागदावर लिहावे, खासदाराच्या हाती द्यावे आणि पुढच्या अधिवेशनात त्यातील किती विचारले गेले ते तपासावे. लोकसभेतील प्रत्येक प्रश्न आणि उत्तर छापील स्वरूपात उपलब्ध असते. ते वाचणारे वाचक मात्र जिल्ह्यात शोधावे लागतात.

टपरीवरच्या त्या बाबांना मी त्या पहाटे काही उत्तर देऊ शकलो नव्हतो. आज ते हयात नसतील. पण भेटले असते तर म्हणालो असतो, “बाबा, माणूस दिल्लीला जातो, तेव्हा निरोप आपोआप जात नाही. तो आपणच लिहायचा, आपणच हातात द्यायचा आणि पोहोचला की नाही हेही आपणच विचारायचे.”